नवी कोरी गाडी घ्यावी का?

कापसाची पहिली वेचणी विकली गेली, किंवा केळीची कटती होऊन व्यापाऱ्याचे पैसे हातात आले, की खानदेशातल्या कितीतरी घरांत गाडीचा विषय निघतो. दारात एक जुनी मोटारसायकल उभी असतेच. दोन-तीन हात बदलून आलेली, थंडीत चोक ओढून आठ-दहा किका मारल्यावर सुरू होणारी. हिचंच पुन्हा एकदा इंजिनकाम काढायचं, दुसरी एखादी बरी जुनी बघायची, की या खेपेला सरळ शोरूममध्ये जाऊन नवी कोरी काढायची? जळगाव-धुळ्याकडे या प्रश्नावर प्रत्येकाचं मत असतं, आणि बहुतेकांचं मत ॲव्हरेजपाशी सुरू होऊन ॲव्हरेजपाशीच संपतं. मी वर्षानुवर्षं जुन्याच गाड्या चालवल्या आणि मग नवी घेतली. त्यानंतर माझी अशी खात्री झाली, की ॲव्हरेज हा यातला सगळ्यात लहान मुद्दा. मोठे मुद्दे दोन आहेत, ब्रेक आणि कागद.

जुन्या गाडीची सवय आपल्याकडे टंचाईतून आली. सत्तरच्या दशकात नवी दुचाकी हवी तर नंबर लावावा लागे. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं थांबले. मोटारसायकलींत बुलेट, येझदी आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. त्यांतली राजदूत खेड्यांत जास्त रुजली. १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवायच्या आणि कच्च्या रस्त्यानं निघायचं. १९८५ साली चित्र पालटलं. हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० त्याच वर्षी आल्या, पाठोपाठ कावासाकी बजाजची केबी १०० आली. बजाजचा वाळूजचा कारखानाही तेव्हाच सुरू झाला, म्हणजे चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेलं की पलीकडेच. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि खानदेशानं ती जी धरली, ती आजतागायत सोडलेली नाही.

सीडी १०० आणि स्प्लेंडरसारख्या छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांनी जुन्या गाड्यांचा बाजार उभा केला. टू-स्ट्रोकला काही वर्षांनी बोअर-पिस्टन लागायचाच. शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोकला वेळेवर ऑइल मिळालं, तर पहिल्या मालकानं पाच-सात वर्षांनी विकलेली गाडी दुसऱ्याकडे आणखी तितकी वर्षं बिनघोर चालते. विम्याच्या कोष्टकात नव्या गाडीची किंमत वर्ष भरताना पंधरा टक्के आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्के उतरलेली असते. स्प्लेंडरसारखी गाडी प्रत्यक्ष बाजारात यापेक्षा चांगला भाव धरते, तरी घट व्हायची ती होतेच, आणि ती पहिला मालक सोसतो. जुनी घेणाऱ्याचं गणित चुकीचं कधीच नव्हतं.

शिवाय जुनी गाडी माणसाला घडवते. थंडीत इंजिन सुरू होऊन लगेच बसतंय, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा. खालची वाटी काढायची, तळाशी साचलेला तांबूस गाळ फडक्यानं पुसायचा, पितळी जेट उजेडाकडे धरून त्याच्या बारीकशा भोकातून आभाळाचा ठिपका दिसतो का ते बघायचं. नाही दिसला, तर जुन्या वायरीतला तांब्याचा एक धागा ओवायचा, फुंकर मारायची, पुन्हा बघायचं. टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन, क्लच प्लेट संपल्या की नुसती तार ताणली गेली, हे नुसत्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या ओढीवरून सांगणारी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. हे ज्ञान मला फार मोलाचं वाटतं. शाळा सुटलेल्या कितीतरी मुलांनी त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं, घर चालवलं.

मग नवी का घ्यायची?

आधी कागदांचं. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत तपासणीला न्यायची, नूतनीकरणाची फी भरायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पुढे दर पाच वर्षांनी हेच. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाली; २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ती २,००० केली. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवणं आलं, दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. यातली कोणतीही रक्कम माणसाला बुडवणारी नाही. पण आरसीवर नाव तीन मालक मागच्या कुणाचं असेल, तर खिशात पैसे असूनही काम अडतं. तो माणूस गाव सोडून सुरतेला गेलेला असतो, किंवा वारलेला असतो, आणि गाडीवर जुन्या फायनान्सचा बोजा अजून चढलेलाच असतो.

आपल्याकडे जुन्या गाड्या सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर हातोहात फिरतात. घेणारा म्हणतो, नाव करून घेऊ सावकाश. यात विकणारा जास्त अडकतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच ज्याच्या नावावर नोंदणी आहे. मधल्या काळात गाडी कितीही जणांनी घेतली-विकली असो. नवी गाडी घेणाऱ्याला या सगळ्या भूतकाळातून सुटका मिळते. एमएच १९ असो की एमएच १८, पहिलं नाव आपलं. मागचा अपघात नाही, मागचं चलान नाही, मागचा बोजा नाही. नव्याच्या किमतीत आपण हे विकत घेतो, आणि माझ्या मते ते पैसे वसूल होतात.

ब्रेकचा मुद्दा याहून मोठा आहे, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. जळगावातून जाणारा महामार्ग, खोटेनगरपासून आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुलीपर्यंत, वर्षानुवर्षं शहराचा रोजचा रस्ता आणि सुरत-नागपूरच्या ट्रकांचा रस्ता असा दुहेरी भार वाहत आला. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना आंदोलनं करावी लागली ती या पट्ट्यात गेलेल्या जिवांमुळे. धुळ्याला तर मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन महामार्ग एकमेकांना भेटतात. चौपदरी रस्ता झाला तसा ट्रकचा आणि मोटारींचा वेग वाढला. शेतावरून निघालेली जुनी गाडी मात्र त्याच घासलेल्या लायनरवर, त्याच मिणमिणत्या दिव्यावर त्या रस्त्याला लागते.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकीला १२५ सीसीपर्यंत किमान सीबीएस आणि त्याच्या वर एबीएस सक्तीचं आहे. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. जुनी गाडी चालवणाऱ्यांची जन्माची सवय पुढच्या ब्रेकला हात न लावण्याची असते, तिच्यावर हा चांगला उतारा आहे. थांबण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक लागताच सगळं वजन पुढे येतं. एबीएस चाक अडकू देत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेली काळी माती डांबरावर पसरते, वरून सर पडून जाते, आणि रावेर-यावलच्या रस्त्यांवर गाडी कशी फिरते ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. अशा जागी घाबरून ब्रेक दाबला गेला तरी चाक फिरत राहणं याची किंमत रुपयांत सांगता येत नाही. ज्याला रोज जळगाव-भुसावळ किंवा धुळे-नरडाणा करायचंय, त्यानं थोडं कर्ज जास्त काढावं, पण एबीएसची गाडी घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. ज्याला फक्त घर ते मळा जायचंय, त्याला साध्या शंभर सीसीचा सीबीएस पुरे.

दिवसाही चालू राहणारा हेडलाइट २०१७ पासून आला. नवी गाडी घेऊन गावात शिरलं, की समोरून येणारा प्रत्येक जण पंजाची उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ म्हणून खुणावतो. हे प्रेम आहे, त्याला हात दाखवून पुढे जावं. तो दिवा बंद करायचं बटण बसवून घेणारेही आहेत. त्यांनी ते काढून टाकावं. धुळीच्या रस्त्यावर ट्रकवाल्याला आपण त्या दिव्यामुळेच लांबून दिसतो.

आता यंत्राचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि आपल्या रोजच्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. पेट्रोल आता पंपाच्या दाबानं, संगणकाच्या हिशेबानं आत जातं. सकाळी एका बटणात गाडी सुरू होते, चोकची भानगड नाही, आणि मेच्या उन्हातही भुसावळला अर्धा तास उभी केलेली गाडी पहिल्याच झटक्यात चालू होते. पण जुन्या गाडीवर मुरलेल्या माणसाला काही सवयी सोडाव्या लागतात. पहिली रिझर्व्हची. जुन्या गाडीला आचका बसला, की डाव्या हातानं कॉक फिरवायचा आणि पुढच्या पंपापर्यंत निवांत जायचं. नव्यांत बहुतेकांना तो कॉकच नाही. काटा लुकलुकू लागला तरी ‘जाईल अजून’ म्हणून टाकी रोज कोरडी केली, तर आतला पेट्रोल पंप तापतो, कारण पेट्रोलच त्याला गार ठेवतं. दुसरी गोष्ट बॅटरीची. जुनी गाडी मेलेल्या बॅटरीवर ढकलून चालू व्हायची. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी अगदी बसली, तर किक असूनही बऱ्याचदा उपयोग होत नाही. आणि मीटरमधला इंजिनाचा दिवा पेटून राहिला, तर गावच्या मिस्तरीच्या पान्याला काही करता येत नाही, स्कॅनर लागतो. जळगाव-धुळ्यातल्या हुशार मेकॅनिकांनी हे शिकून घेतलंय. आपल्या गावापासून तसा माणूस किती लांब आहे, हे गाडी निवडण्याआधी विचारावं. रंगापेक्षा ही चौकशी कामाची.

इथेनॉलचाही हिशेब आहे. आज पंपावर बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांतले रबरी नळ, सील वगैरे त्या हिशेबानं बनवलेले असतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ते लवकर कडक होऊ शकतात, आणि टाकीत ओल शिरली तर इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गोठ्यात उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची टाकी म्हणूनच अधूनमधून रिकामी करून पाहावी.

इथपर्यंत जुन्या माणसाचा अनुभव कुठे ना कुठे कामी येतो. शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलापाशी मात्र तो एकदम परका होतो. ज्यानं आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखला, तो तिथे न वाचता सह्या करतो. मला या प्रश्नातली सगळ्यात काळजीची जागा हीच वाटते.

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी आज रस्त्यावर येईपर्यंत पाऊण ते सव्वा लाखाच्या घरात जाते. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमती काही हजारांनी उतरल्या. शोरूमच्या किमतीवर राज्याचा एकरकमी कर लागतो, इंजिनाच्या आकाराप्रमाणे दहा टक्क्यांपासून पुढे. मग विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं ७५ ते १५० सीसीला तो ३,८५१ रुपये आणि वर कर. विमा शोरूमवाल्याकडूनच घेतला पाहिजे असं कुठेही नाही, बाहेरचा भाव आधी काढून न्यावा. हेल्मेट गाडीसोबत मिळालं पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमच आहे, त्याचे पैसे वेगळे मागितले तर नियम दाखवावा. आणि बिलात ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ अशी ओळ दिसली, तर ती कशाची, हे लेखी मागावं. लेखी मागितलं की बऱ्याचदा ती ओळ आपोआप गळते.

कर्जाचा भाग नीट उलगडून पाहू. समजा ८०,००० रुपये कर्ज, तीन वर्षं, ‘दहा टक्के फ्लॅट’. व्याज झालं २४,०००, एकूण १,०४,०००, छत्तीस हप्ते, महिन्याला सुमारे २,८८९. टेबलापलीकडचा मुलगा म्हणतो, “भाऊ, दिवसाला शंभर रुपये पण नाही पडत.” हिशेब त्याचा बरोबर आहे. पण फ्लॅट व्याज तीनही वर्षं पूर्ण ८०,००० वर धरलं जातं, आपण मात्र दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. शिल्लक रकमेवर मोजलं, तर हाच दर अठरा टक्क्यांच्या आसपास निघतो. बँकेत वाहनकर्ज याहून खूपच कमी दरानं मिळू शकतं, फक्त तिथे दोन-चार खेपा जास्त माराव्या लागतात. ज्याचा पगार सुरू आहे त्यानं त्या माराव्यात.

खानदेशात दुसरी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या लेखांत कधी येत नाही. हप्ता महिन्याचा असतो आणि शेतकऱ्याचं उत्पन्न महिन्याचं नसतं. भुसावळचा रेल्वेवाला, दीपनगरच्या वीज केंद्रातला, वरणगावच्या आयुध निर्माणीतला, जळगावच्या एमआयडीसीतला माणूस महिन्याच्या हप्त्यात बसतो. कापसावर जगणाऱ्या घराकडे दसऱ्यानंतर पैसा येतो आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तो कसाबसा पुरवावा लागतो. पुढे जून ते सप्टेंबर खत, फवारणी, निंदणी, नुसता खर्च. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळतात, मोटारसायकलला बहुतेक ठिकाणी महिन्याचाच हप्ता असतो. नेमके श्रावण-भाद्रपदात दोन हप्ते थकतात, दंड लागतो, आणि मग वसुलीवाले दारात येतात. शेतकऱ्यानं नवी गाडी घ्यायची तर पिकाचा पैसा हातात असताना निम्म्याहून जास्त रक्कम रोख भरावी आणि उरलेल्याची मुदत कमी ठेवावी. तेवढी रक्कम नसेल, तर त्या वर्षी चांगल्या कागदांची जुनीच घ्यावी. त्यात काहीही कमीपणा नाही.

आणि ज्या घरात नवी गाडी नवरीच्या बापाकडून येते, तिथे तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. साखरपुड्याच्या बैठकीत गाडीचं मॉडेल ठरतं, हप्ते तिकडचा बाप फेडत राहतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. गाडी ही त्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू आहे, आणि अशी गाडी घेणाऱ्या नवरदेवाला कुणी तरी तोंडावर सांगायला हवं.

नवी घेताना इंधनाचे दुसरे पर्यायही आहेत. सीएनजीची गाडी, बजाजची फ्रीडम, जुलै २०२४ मध्ये आली. सिलिंडर दोन किलोचा, सोबत दोन लिटरची पेट्रोलची टाकी. सीएनजीचा पंप जाण्या-येण्याच्या रस्त्यावर असेल तर विचार करण्यासारखी आहे, वाकडी वाट करावी लागत असेल तर नाही. विजेवरची स्कूटर शहरात राहणाऱ्यांना, कॉलेजला जाणाऱ्या मुलींना चांगली. ओझं आणि कच्चा रस्ता ज्यांच्या नशिबी रोजचा, त्यांनी अजून थांबावं.

डिलिव्हरीच्या दिवशी घाई करू नये. मुहूर्त असतो, पेढे असतात, चाकाखाली लिंबू ठेवलेलं असतं, आई औक्षणाचं ताट घेऊन उभी असते, आणि त्या आनंदात कागद तसेच पिशवीत जातात. आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बिलाशी ताडून पाहावा. विक्रीच्या प्रमाणपत्रावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. वर्षभर गोदामात उभी असलेली गाडी नव्याच्या भावात घ्यायचं कारण नाही. टायरला भेगा, बॅटरीच्या टोकांना पांढरी भुकटी, टाकीच्या झाकणाखाली गंज, हे जुन्या माणसाच्या नजरेला लगेच दिसतं. इथे त्याची नजर शोरूममधल्या कुणापेक्षाही तयार असते, तिचा त्यानं बिनधास्त उपयोग करावा.

पहिले पाचशे-सातशे किलोमीटर गाडीला जपायचे असतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत अजून एकमेकांवर बसायच्या असतात, गिअरमधून निघालेली बारीक धातूची कणी ऑइलमध्ये उतरते, म्हणूनच पहिली सर्व्हिस लवकर असते आणि ते ऑइल बदलतात. या काळात सलग एकाच वेगानं लांब पल्ला मारू नये. जळगावकर नवी गाडी घेऊन बहुधा पद्मालयाच्या गणपतीला जातात, धुळेकर देवपुरातल्या एकवीरेला. पद्मालयाची वाट त्या दृष्टीनं फार चांगली. एरंडोलच्या पुढे वळणं, चढ-उतार, गावं येतात, वेग आपोआप कमी-जास्त होतो, आणि इंजिनाला तेच हवं असतं. चेनला ऑइल देणं, हवा सकाळी गाडी गार असताना तपासणं, क्लचवर हात रेंगाळू न देणं, हे सगळं जुन्या गाडीनं शिकवलेलं नव्यालाही तसंच लागू आहे. वॉरंटी संपेपर्यंत इंजिन घरी उघडू नये, एवढा एकच संयम ठेवावा.

जुनीचं काय करायचं? शोरूममध्ये बदल्यात जो भाव देतात, तो बाजाराहून बहुतेक वेळा कमी असतो. घरी शेत असेल तर ती ठेवावी. चाऱ्याचा भारा, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, ही ओझी नव्या गाडीवर घालवत नाहीत, आणि जुनीला त्यांची सवय आहे. पण तिचा विमा आणि पीयूसी चालू ठेवावी, कारण शेताचा रस्ताही कुठे ना कुठे महामार्ग ओलांडतोच. विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घेऊन विकावी, आणि विक्रीची माहिती चौदा दिवसांत आरटीओला द्यावी. घेणारा शेजारचा असो की सख्खा मेहुणा, एमपरिवहनच्या ॲपवर आपलं नाव उतरून त्याचं चढलेलं दिसत नाही, तोवर व्यवहार पुरा झाला असं धरू नये.